“मॅडम, आमच्याकडून काय चुकलं?”

जन्मजात जनुकीय आजार असलेल्या मुलांचे आईवडील समोर बसले की औषधांच्या आधी हाच प्रश्न येतो. अलीकडे तो इतक्यांदा ऐकला, की एका आईची गोष्ट सांगतेच. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलगी नऊ वर्षांची, शाळेच्या रांगेत कायम पहिली. रक्ताच्या कॅरिओटाइप तपासणीत, म्हणजे गुणसूत्रांच्या तपासणीत, टर्नर सिंड्रोम निघाला: गुणसूत्रं ४६ ऐवजी ४५, एक एक्स नाहीच. साधारण २,००० ते २,५०० मुलींमागे एकीला हे असतं. रिपोर्ट आला आणि सासूबाईंनी “तुमच्या माहेरचेच सगळे ठेंगणे” सुरू केलं. आईने नऊ महिन्यांचा हिशेब काढला. ग्रहणात भाजी चिरली होती. सातव्या महिन्यात एसटीने गावी गेली होती.

मी म्हटलं, “रिपोर्ट काय सांगतो ते एका कागदावर लिहा. तुम्ही स्वतःला काय सांगता ते दुसऱ्यावर.” पहिल्यावर दोन ओळी आल्या, दुसरा पाठपोट भरला. माझं बरंचसं काम या दोन कागदांवरच चालतं, आणि इतक्या वर्षांनी माझा त्यावरचा विश्वास वाढलाच आहे. एकेक ओळ तपासली. हे गुणसूत्र निसटतं ते बीजपेशी तयार होताना किंवा गर्भ राहिल्यावर लगेच. भाजी, एसटी यांच्या कितीतरी आधी. ते घराण्यातून येत नाही.

तिला पटलं, पण रडू थांबेना. चौथ्या भेटीत मी विचारलं, “उंची वाढत नाही, हे आधी कोणाच्या लक्षात आलं?”

तिने मोबाइलवर स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीचा फोटो दाखवला. पेन्सिलीच्या रेघा, प्रत्येकीशेजारी वाढदिवसाची तारीख. पाचव्या वाढदिवसानंतर रेघा दाटत गेलेल्या, वर्षाला जेमतेम चार सेंटिमीटर.

“सगळे म्हणायचे, वयात आली की वाढेल. मीच हट्ट धरला तपासायचा.”

“मग निदान कोणामुळे झालं?”

ती फोटोकडे बघत राहिली. बोटांनी तो मोठा केला, पुन्हा लहान केला. “माझ्या रेघांमुळे,” ती हळूच म्हणाली. त्या दिवशी ती रडली नाही.

मला तेव्हा उमगलं, की आईच्या डोक्यातला दोष नुसता काढून भागत नाही. त्या जागी तिने खरोखर केलेलं काहीतरी ठेवावं लागतं.

आता मुलीला रोज रात्री ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन असतं, ते बाबा देतात. उपचार नसतील तर या मुलींची उंची सरासरीपेक्षा सुमारे २० सेंटिमीटर कमी राहते, म्हणून लवकर सुरुवात महत्त्वाची. हृदयाचा इको, मूत्रपिंडाची सोनोग्राफी, थायरॉइड आणि कानांची तपासणी टाळू नका. अकरा-बाराव्या वर्षी बहुतेकींना वयात येण्यासाठी इस्ट्रोजेन हे हार्मोन द्यावं लागतं. मुलीलाही तिच्या वयाला झेपेल तसं सांगत राहा. लपवलं की ती चूक स्वतःची समजते.

आणि चार वर्षांनंतर तुमचं मूल वर्षाला पाच सेंटिमीटरपेक्षा कमी वाढत असेल, तर वयात येण्याची वाट बघू नका. बालरोगतज्ज्ञांकडे जाताना चौकटीचा फोटो सोबत न्या.