वाचकांचे प्रश्न : उसळ शिजत नाही, बाधते, वेळही नाही

प्रश्न : ताई, वर्षभरापूर्वी आम्ही मोशीला नव्या सोसायटीत राहायला आलो, इथे बोअरचं नाहीतर टँकरचं पाणी येतं. आईकडे छोले कसे मस्त मऊ व्हायचे, इथे आठ शिट्ट्या केल्या तरी दाताखाली येतात. दुकान बदललं, कुकरची रिंग बदलली, काही फरक नाही. शेवटी कंटाळून उसळी करणंच सोडलंय. माझं काय चुकतंय?
*(एक वाचक, मोशी)*

उत्तर : तुमचं काही चुकत नाहीये हो, पाणी जड आहे. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असतं आणि ते दाण्यातल्या पेक्टिनला, म्हणजे दाण्याच्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणाऱ्या पदार्थाला, घट्ट बांधून ठेवतं, मग कितीही शिट्ट्या करा, दाणा आतून सुटतच नाही. ज्या भांड्यात पाणी तापवता त्याच्या तळाशी पांढरा थर बसतो ना, तोच हा प्रकार. घरात आरओ असेल तर भिजवायला आणि शिजवायला दोन्हीला तेच पाणी घ्या, नुसतं शिजवायला घेऊन भागत नाही. आरओ नसेल तर भिजवताना वाटीभर छोल्यांना चिमूटभर खायचा सोडा टाका. चिमूटभरच हं, जास्त झाला की साबणासारखी चव येते आणि बी गटातली जीवनसत्त्वंही जातात. भिजवायच्या पाण्यात चमचाभर मीठ घातलं तरी सालं मऊ पडतात. मिठाने कडधान्य शिजत नाही असं आपण ऐकत आलोय पण माझा अनुभव उलटा आहे.

खरी अडचण करते ती आंबट वस्तू. टोमॅटो, चिंच, आमसूल, दही यातलं काहीही दाणा पूर्ण शिजल्याशिवाय घालू नका, आंबटात दाणा कडकच राहतो. घाई असते म्हणून सगळं एकदम कुकरला लावलं जातं आणि तिथेच घोटाळा होतो. छोले-राजमा आठ-दहा तास भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात पाच-सहा शिट्ट्या, मग गॅस बारीक करून पंधरा मिनिटं, आणि वाफ आपोआप जाऊ द्यायची. झाकण काढलं की एक दाणा अंगठा आणि बोटात धरून दाबा. लोण्यासारखा पसरला तर झालं, मध्ये पांढरी कणी लागली तर अजून दोन शिट्ट्या. एवढं करूनही शिजले नाहीत तर माल जुना आहे, वर्ष-दोन वर्षं दमट हवेत पडून राहिलेलं कडधान्य काही केल्या मऊ होत नाही. त्यापेक्षा थोडं थोडं आणा, वर्षाचं भरून ठेवू नका.

प्रश्न : माझ्या मिस्टरांना आणि सासऱ्यांना उसळ खाल्ली की गॅसेस होतात. डाएटिशियन म्हणते कडधान्यं वाढवा, घरातले म्हणतात बाधतात. मी कुणाचं ऐकू?
*(एक वाचक, सातारा)*

उत्तर : दोघांचंही खरं आहे. कडधान्यात काही साखरा अशा असतात की त्या आपल्या आतड्यात पचत नाहीत, पुढे जाऊन जंतू त्या खातात आणि गॅस होतो. भिजवलेलं पाणी फेकलं की यातला बराच भाग जातो, मोड आणले की आणखी कमी होतो. म्हणून सुरुवात मोडाच्या मुगाने करा, तो सगळ्यात हलका. पहिले दोन आठवडे सासऱ्यांना अर्धी वाटीच वाढा, पोट हळूहळू सरावतं. फोडणीला हिंग सढळ हाताने, आलं, आणि वालाची किंवा चवळीची उसळ असेल तर ओवा. रात्री उसळ नको, दुपारीच द्या. हे सगळं करूनही पोट दुखत असेल किंवा किडनीचा काही त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, तिथे माझं ऐकू नका.

आणि सोबत भाकरी हवीच. ज्वारी-बाजरीत जे अमिनो आम्ल कमी पडतं ते मटकी-हुलग्यात असतं, यांच्यात जे कमी ते भाकरीत, दोन्ही मिळून प्रोटीन चांगलं होतं. वरून लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागतं. आपल्याकडे उसळीवर लिंबाची फोड देतात ती उगाच नाही.

प्रश्न : मी म्युनिकला शिकायला आहे, एकटा राहतो. स्लो कुकर घेतलाय, सकाळी राजमा टाकून लेक्चरला जायचं आणि आल्यावर खायचं असा विचार आहे. चालेल ना?
*(एक विद्यार्थी)*

उत्तर : नाही रे बाळा, हे अजिबात करू नकोस! कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असतं, ते खळखळत्या उकळीनेच मरतं आणि स्लो कुकर तेवढा तापत नाही. अर्धवट शिजलेले थोडे दाणे पोटात गेले तरी काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. रात्री भिजव, पाणी फेक, नव्या पाण्यात मोठ्या आचेवर अर्धा तास चांगला उकळ, मग हवा तर स्लो कुकरमध्ये टाक. त्याहून सोपं म्हणजे डब्यातला राजमा आण, तो शिजलेलाच असतो, चाळणीत धुऊन घेतला की मीठही कमी होतं. कांदा, आलं-लसूण, टोमॅटो परतून त्यात टाकला की पंधरा मिनिटांत जेवण तयार.

प्रश्न : मटकीला मोड येण्याआधीच वास येतो आणि ती चिकट होते. मला डाळिंब्यांची उसळही शिकायची आहे.
*(एक वाचक, डोंबिवली)*

उत्तर : उन्हाळ्यात मटकी सात-आठ तासांपेक्षा जास्त पाण्यात ठेवू नका आणि मध्ये एकदा पाणी बदला. नंतर चाळणीत अगदी निथळू द्या, पाणी राहिलं की वास आलाच. सुती फडक्यात सैल बांधा, घट्ट गाठोडं केलं की आत उबून चिकट होते. बोटाच्या पेराएवढे मोड आले की डब्यात भरून फ्रीजमध्ये, दोन-तीन दिवस छान राहते. ऑफिसवरून आल्यावर फोडणीला टाकली की वीस मिनिटांत उसळ.

डाळिंब्यांना मात्र वेळ काढा. कडवे वाल रात्री भिजवा, सकाळी बांधा, दुसऱ्या दिवशी मोड आले की कोमट पाण्यात टाकून एकेक सोला. टोकाला जरा दाबलं की पिवळसर डाळिंबी सालीतून सटकन बाहेर येते, मुलांना बसवा, त्यांना फार आवडतं. कुकर नको, पीठ होतं. हिंग-मोहरीच्या फोडणीवर हळद, कढीपत्ता, डाळिंब्या, झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजवा, डाव अलगद फिरवा नाहीतर मोडतात. मऊ झाल्या की मगच आमसूल, गूळ, जिरं-खोबऱ्याचं वाटण, आणि उतरवताना ओलं खोबरं-कोथिंबीर. पहिल्या वेळी वाटीभर वालांचीच करा, सोलायला तेवढेच पुरे होतात.