माळकरी आई, तिखट खाणारे बाबा आणि पुण्यातलं मोठं थाई रेस्टॉरंट

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्या गावाहून आईबाबा पहिल्यांदा पुण्याला येतायत, बढती मिळाल्याच्या आनंदात त्यांना एका मोठ्या थाई रेस्टॉरंटमध्ये जेवायला न्यायचंय. आई माळकरी, बाबा शेतकरी आणि तिखटाशिवाय घास न उतरणारे. दोघं तिथं अवघडतील का, आणि मागवायचं काय, हे तुमचे दोन प्रश्न. बऱ्याच जणांनी सल्ला दिलाय की त्यापेक्षा साधी थाळी खाऊ घाला. मला तो पटत नाही. लेकीनं आपल्या कमाईतून चांगल्या जागी नेलं ही गोष्ट आईबाबा गावात चार जणांना सांगतात, आणि ती जागा त्यांना शोभत नाही असं आपणच आधी ठरवून टाकणं बरोबर नाही. न्या. पण तयारी करून न्या.

मी मुंबईत एका मोठ्या हॉटेलच्या थाई रेस्टॉरंटमध्ये आधी स्टुअर्ड म्हणजे वाढपी आणि मग कॅप्टन म्हणजे वाढप्यांचा प्रमुख होतो. आता वरोऱ्याजवळ घरची शेती पाहतो. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत.

काटा-चमच्याची काळजी तुम्ही पहिली लिहिली आहे. माझ्या मते ती शेवटची. पहिली काळजी आईच्या माळेची. थाई स्वयंपाकात मिठाचं काम बहुतेक ठिकाणी फिश सॉस करतो. छोटे मासे मिठात महिनोन्‌महिने मुरवून त्याचं जे पाणी निघतं ते, थाईत नाम प्ला. करीच्या वाटणात कोळंबीची आंबवलेली पेस्ट असते. सॅलडमध्ये सुकी कोळंबी, परतलेल्या भाज्यांत ऑयस्टर सॉस म्हणजे कालवांचा सॉस. यातलं काहीच ताटात डोळ्यांना दिसत नाही. म्हणून 'व्हेज ग्रीन करी' म्हटल्यावर त्यात भाज्याच असतील, पण वाटण कुठलं हे विचारल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडची चांगली रेस्टॉरंट शाकाहारी वाटण वेगळं करतात आणि फिश सॉसच्या जागी सोया सॉस किंवा मीठ वापरतात. तरी गृहीत धरू नका.

आदल्या दिवशी फोन करा. संध्याकाळच्या गर्दीत नको, दुपारी साडेतीन-चारच्या सुमारास, जेव्हा लंच आटोपलेलं असतं आणि मॅनेजर किंवा शेफ बोलायला मोकळे असतात. फक्त 'व्हेज आहे ना?' विचारलं की 'हो मॅडम' एवढंच उत्तर येणार. असं सांगा: माझी आई माळकरी आहे, मासळीचा सॉस, कोळंबीची पेस्ट, ऑयस्टर सॉस आणि अंडं यातलं काहीही चालत नाही, तुमचं शाकाहारी करीचं वाटण वेगळं वाटता का, कढई आणि तळणाचं तेल वेगळं आहे का, सूपचा स्टॉक कशाचा आहे? समोरचा माणूस आत जाऊन विचारून आला, तर जागा चांगली समजा. फोनवरच घाईघाईनं 'सगळं होईल' म्हणाला, तर दुसरी जागा बघा. बुकिंगच्या नोंदीत हे लिहून घ्यायला लावा, म्हणजे केओटीवर, किचनमध्ये जाणाऱ्या ऑर्डरच्या चिठ्ठीवरही येतं आणि ऐन वेळी शेफला धक्का बसत नाही.

कांदा-लसणाचंही आईला आधीच विचारून ठेवा. थाई वाटणात छोटे कांदे आणि लसूण असतातच, शिवाय सांबाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या मुळ्या, गवती चहा आणि मिरच्या. वाटण आधीच तयार असतं, त्यातून लसूण काढता येत नाही. आईचं चातुर्मासाचं बंधन असेल तर हा बेत कार्तिकी एकादशीनंतर करा. एकादशीचा दिवस तर पंचांग पाहूनच टाळा. आईला एक गोष्ट जरूर सांगा, त्यांना बरं वाटेल: थायलंडमध्येही दरवर्षी, साधारण आपल्या नवरात्राच्या सुमारास, नऊ दिवसांचा शाकाहारी उत्सव असतो. फुकेतचा विशेष प्रसिद्ध आहे. त्या दिवसांत पाळणारे लोक मांस-मासळी तर सोडतातच, कांदा-लसूणही सोडतात. तेव्हा शेफ थायलंडचा असला तरी ही मागणी त्याला नवी नाही.

बाबा बाहेर मटण-मासे खात असतील. तरी त्या दिवशी सगळंच शाकाहारी मागवा, असं मी म्हणेन. थाई जेवणात प्रत्येकाची वेगळी प्लेट येत नाही. सगळं मधोमध ठेवतात, प्रत्येक जण भात घेतो आणि हवं ते थोडं थोडं वाढून घेतो. कुठलाही चमचा कुठल्याही वाटीत जातो. टेबलावर एक जरी मासळीची डिश असली तर आई अख्खं जेवण हात आखडून बसेल.

पोळी मिळणार नाही हे आधीच सांगून ठेवा. हे लहानसं वाटतं, पण आपल्याकडचा माणूस भातावर जेवण आटोपायला बसला की त्याला जेवल्यासारखंच वाटत नाही, आणि भात खाणाऱ्या भंडारा-गोंदियाकडची गोष्ट वेगळी असली तरी तुमचं यवतमाळ पोळी-भाकरीचं. यावर एक चांगला उपाय आहे. स्टिकी राइस मागवा. तो थायलंडच्या ईशान्य भागातला, ज्याला इसान म्हणतात, तिथला रोजचा भात. बांबूच्या छोट्या टोपलीत येतो आणि हातानंच खातात. चिमूटभर घ्यायचा, बोटांत दाबून गोळी करायची, वाटीतल्या चटणीत किंवा रश्श्यात बुडवायची. बाबांना हातानं खायला मोकळं वाटेल, आणि खाण्याची खरी रीतही तीच आहे.

बाकीच्यासाठी चमचा आणि काटा. चमचा उजव्या हातात, काटा डाव्या हातात, काट्यानं चमच्यावर घास सारायचा. थायलंडमध्ये घरोघरी असंच जेवतात. सुरी टेबलावर नसते, कारण सगळं आधीच घासाएवढं कापलेलं असतं. चॉपस्टिक्स ते लोक मुख्यतः नूडल्सच्या वाडग्यासाठी वापरतात, भातासाठी नाही. आणून ठेवल्या तर बाजूला राहू द्या.

आता मागवायचं काय. सुरुवातीला सोम तम, कच्च्या पपईचं सॅलड. मातीच्या उखळीत लाकडी मुसळानं मिरची, लसूण आणि ताडगूळ ठेचतात, मग बरबटीच्या (चवळीच्या) शेंगा, फल्लीदाणे (शेंगदाणे), टमाटे, निंबाचा (लिंबाचा) रस आणि शेवटी पपईचा कीस घालून हलक्या हातानं कुटतात. काही ठिकाणी टेबलाशेजारी करून दाखवतात, तशी सोय असेल तर जरूर मागा. बाबा खुर्ची वळवून बघत बसतील. मूळ कृतीत फिश सॉस आणि सुकी कोळंबी असते, त्यामुळे तुमच्या समोरच होतंय याचा आईलाही विश्वास मिळतो. उखळ मात्र शाकाहारी सॅलडची वेगळी हवी, ते फोनवरच बोलून घ्या.

दुसरं म्हणजे मियांग खाम, मेनूवर असेल तर सोडू नका. नागवेलीच्याच जातकुळीतलं एक हिरवं पान, त्यात भाजलेलं खोबरं, फल्लीदाणे, आल्याचे बारीक तुकडे, निंबाची सालीसकट फोड, कांदा, मिरची आणि वरून ताडगुळाचा घट्ट पाक. दुमडायचं आणि एकाच घासात तोंडात टाकायचं. जे लोक आल्यापासून गप्प बसलेले असायचे ते हे पान हातात आल्यावर बोलायला लागायचे, हे मी कितीदा पाहिलंय. सुकी कोळंबी काढायला सांगा, आणि पाकात कोळंबीची पेस्ट नाही ना तेही विचारा.

सूपमध्ये तोम खा घ्या. नारळाचं दूध, कुलंजन, गवती चहाचे दांडे, मकरूट नावाच्या लिंबाची पानं. वणीकडचं एक कुटुंब आमच्याकडे आलं होतं. मावशींनी सूपमधला गवती चहाचा दांडा तोंडात घेतला, बराच वेळ चावला, आणि काढून कुठं ठेवावा ते कळेना म्हणून पदराआड मूठ मिटून बसल्या. मुलगा मोबाइलमध्ये होता. मी एक रिकामी वाटी त्यांच्याजवळ सरकवली आणि म्हटलं, "मावशी, हे कढीपत्त्यासारखंच बाजूला काढायचं असतं, खायचं नाही." त्या हसल्या, वाटीत दांडा ठेवला आणि मग मुलालाही सांगितलं, "खाऊ नको रे, काढून टाक." तुम्ही सूप येताक्षणी ही गोष्ट सहज बोलून टाका आणि एक रिकामी वाटी मागून घ्या.

करी दोन पुरे. मसामन आईसाठी. वेलची, दालचिनी, लवंग, जिरं हे खडे मसाले, आलू आणि फल्लीदाणे, त्यामुळे चव ओळखीची लागते, तिखटही बेताची. ग्रीन करी बाबांसाठी, पण तिच्यात गोडसरपणा असतो हे आधी सांगा. आपल्याकडे भाजीत गोड चालत नाही. थाई तिखट आणि सावजीचं तिखट यांत मोठा फरक आहे. सावजीत वाळल्या मिरचीचं आणि काळ्या मसाल्याचं तिखट तर्रीबरोबर हळूहळू चढतं आणि रेंगाळतं. थाई जेवणात छोट्या ताज्या मिरच्या असतात, पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी आणतात. त्यामुळे भिवापुरी मिरची खाणाऱ्या माणसानंही पहिल्याच फटक्यात 'थाई स्पायसी' मागू नये. मध्यम मागवा आणि बाजूला चिरलेल्या मिरच्या, सोया सॉस आणि निंबाचा रस यांची वाटी मागा. थाई लोकही टेबलावर अशी मिरचीची वाटी ठेवतात, त्यांची फिश सॉसची असते एवढंच. वाटी पुढ्यात असली की बाबा खूश.

फिकं आणि ओळखीचं एखादं हवं म्हणून पॅड थाई घ्या, तांदळाच्या नूडल्स, चिंच, ताडगूळ आणि फल्लीदाण्याचं कूट. त्यात अंडं घालतात, ते नको म्हणून वेगळं सांगा. टोफू नक्की घाला. बाबा सोयाबीन पेरत असतील तर त्याच सोयाबीनच्या दुधाचं हे पनीर आहे हे त्यांना तिथंच सांगा, माणूस मन लावून खातो. मॉक मीट म्हणून सोया किंवा गव्हापासून केलेला मांसासारखा दिसणारा पदार्थ काही ठिकाणी शाकाहारी डिशमध्ये घालतात. तो नको म्हणा. शाकाहारी असला तरी माळकरी माणसाच्या ताटात तसं दिसणंही बरं नाही.

नारळाचं दूध आपल्या पोटाला सवयीचं नाही, म्हणून तोम खा, दोन करी आणि शेवटचं गोड यांपलीकडे त्याचं काही मागवू नका. तीन माणसांना एवढं भरपूर होतं.

गोडासाठी आंब्याचे दिवस असतील तर मँगो स्टिकी राइस. नसतील तर तब तिम क्रोब, आणि खरं सांगायचं तर मला तोच जास्त आवडतो. शिंगाड्याचे तुकडे लाल रंगात बुडवून, टॅपिओकाच्या पिठात घोळवून उकळतात आणि बर्फ घातलेल्या नारळाच्या गोड दुधात देतात. डाळिंबाच्या दाण्यांसारखे दिसावेत म्हणून तो रंग. रेस्टॉरंटमध्ये येणारा शिंगाडा बहुधा डब्यातला, आपल्या तळ्यांतल्यापेक्षा वेगळ्या जातीचा असतो, पण दाताखाली तसाच कुरकुरतो.

वेळ पहिलीच घ्या, संध्याकाळी सात. गावात साडेसातला जेवणारी माणसं रात्री साडेनऊच्या बुकिंगला भुकेनं आणि झोपेनं हैराण होतात. सातला किचनवर ताण नसतो, कॅप्टन पाच मिनिटं उभं राहून बोलतो, संगीतही मंद असतं. एसीच्या झोतापासून दूर, भिंतीलगतचं टेबल मागा. आईला शाल घ्यायला सांगा. पाणी विचारायला येतील तेव्हा साधं फिल्टरचं मागा, त्यात कमीपणा काही नाही. ट्रॅव्हल्सच्या रात्रभराच्या प्रवासानंतर त्याच दिवशी नेऊ नका, एक दिवस घरचं वरण-भात खाऊ द्या.

आणि पैसे. शेतकरी बाप मेनू उजवीकडून वाचतो. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, आणि अशा जागी तीन माणसांचं बिल सहज त्याच्या आसपास जातं. हा हिशेब बाबा मनात करणार, तुम्ही थांबवू शकत नाही. म्हणून पदार्थ आदल्या दिवशी फोनवरच ठरवून टाका, म्हणजे मेनूकार्ड टेबलावर येण्याची गरजच उरत नाही. कॅप्टनला सांगून ठेवा की बिल मी काउंटरवर येऊन देईन. बाबांनी नंतर विचारलं तर खरा आकडा सांगा. लपवू नका, तुमची कमाई आहे.

बिलात दोन गोष्टी बघा. स्वतंत्र रेस्टॉरंटला जीएसटी साधारण ५ टक्के असतो, ज्या हॉटेलात खोलीचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर आहे तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के. सर्व्हिस चार्ज मात्र कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं की तो बिलात आपोआप लावता येणार नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते नियम कायम ठेवले. लावलेला दिसला तर काढायला सांगा, ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. ज्या मुलानं आईची काळजीनं विचारपूस केली त्याला टीप मात्र हातात द्या, ती थेट त्याच्याकडे पोहोचते. सर्व्हिस चार्ज लावता का हेही आदल्या दिवशीच्या फोनवरच विचारून घ्या, म्हणजे आईबाबांसमोर काउंटरवर हुज्जत होणार नाही.