आधी पाय, मग दाते

प्रिय मित्रा,

खांदा दुसऱ्यांदा निखळला म्हणून बीएमएक्स (छोट्या सायकलींची उड्या-वळणांची शर्यत) सोडून ट्रॅक सायकलिंगला यायचं ठरवलंस, आणि पहिली चौकशी कसली, तर 60 दात्यांच्या चेनरिंगची, म्हणजे पेडलपाशी चेन फिरवणाऱ्या दातेरी चकतीची! का, तर नेदरलँड्सचा ट्रॅक स्प्रिंटर हॅरी लाव्हरेसन मोठा गिअर ओढतो.

अरे, तोही खांद्यांपायीच बीएमएक्समधून आला. पण येताना काय घेऊन आला ते बघ: सुरुवातीचं गेट पडताक्षणी सुटणं आणि भरभर फिरणारे पाय. 2017 ला हाँगकाँगमध्ये स्प्रिंटचं जागतिक रौप्य, 2018 ला मायदेशी आपेलडोर्नला सांघिक स्प्रिंटचं सुवर्ण, वैयक्तिक स्प्रिंटचं जगज्जेतेपद 2019 मध्ये. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णं. तिथे पात्रता फेरीत त्याने 200 मीटर 9.088 सेकंदांत मारले, तेव्हाचा विश्वविक्रम. म्हणजे ताशी 79 किलोमीटर. पेडलच्या एका फेऱ्याला 9 मीटर जाणारा गिअर धरला, तरी मिनिटाला 147 फेरे होतात. चेनरिंग सगळ्यांना दिसते, हे 147 कुणी मोजत नाही.

आधी पाय, मग दाते.

तू 50-15 लाव: पुढे 50 दाते, मागे 15. फेऱ्याला साधारण 7 मीटर. बँकिंगच्या, म्हणजे ट्रॅकच्या तिरक्या चढाच्या, वरून खाली येत 200 मीटर 12.2 सेकंदांत काढलेस, की पाय मिनिटाला 140 फेऱ्यांना पोचले. सीटवर आपटत नव्हे, बूड स्थिर ठेवून! तोवर दात्यांना हात लावायचा नाही. मग पुढे एकच दाता वाढव आणि पुन्हा मोज. एकदम चार-पाच वाढवलेस, तर उभ्या स्टार्टला, म्हणजे थांबलेल्या सायकलवरून सुटताना, पहिल्या अर्ध्या लॅपमध्येच पाय रुततील आणि तू हँडल खांद्यांनी ओढशील. त्याच खांद्यांनी! लोक मला हट्टी म्हणतात. म्हणू देत. घाईने गिअर वाढवून पाय जड करून घेतलेली गुणी पोरं डोळ्यांदेखत वाया गेली, ती खंत माझ्या हट्टापेक्षा मोठी आहे.

चेनरिंग बदललीस की चेन तपासायचीच. रिंग क्वचितच अगदी मधोमध बसते, म्हणून क्रँक हळू फिरवून चेन सर्वांत ताठ कुठे होते ते शोध आणि तिथे वरखाली मिळून सेंटीमीटरभर ढील ठेव. मागच्या चाकाचे नट 15 मिमीच्या पान्याने दोन्हीकडून आवळ. सैल राहिले तर जोर लावताच चाक तिरकं होतं, चेन उतरते, आणि या सायकलला ब्रेक नसतो.

रविवारी 50-15 वर तीनदा 200 मीटर काढ, मध्ये वीस-वीस मिनिटं विश्रांती. तिन्हींची वेळ लिहून पाठव. 60 ची रिंग मागवली असशील, तर परत कर.