इंडोनेशिया वगैरे देशांत बँका आणि डिजिटल पैसा इतक्या झपाट्यानं कसा काय पसरला?

अख्ख्या आग्नेय आशियावर बोलण्याइतका माझा अधिकार नाही. बँकेच्या सॉफ्टवेअरच्या कामासाठी तीन वर्षं जावा बेटावर काढली, तेवढं सांगतो. स्मार्टफोन आले आणि चित्र पालटलं, असं सर्रास म्हटलं जातं. माझ्या मते फोन या गोष्टीत फार उशिरा येतो.

बँक राक्यात इंडोनेशिया, म्हणजे बीआरआय, ही तिथली सरकारी बँक. मूळ १८९५ सालचं, पुर्वोकर्तो गावातलं. १९७० च्या दशकात तिनं भातशेतीला स्वस्त सरकारी कर्ज द्यायला गावोगाव छोट्या शाखा उघडल्या. पुढचं आपल्याला पाठ आहे: कर्जं थकली, शाखा तोट्यात गेल्या. १९८३ मध्ये सरकारनं व्याजदर मोकळे केले, तेव्हा बँकेनं शाखांना टाळं न लावता धंद्याची रीतच बदलली. १९८४ पासून 'कुपेदेस' हे छोटं कर्ज: व्याज चांगलं सणसणीत, पण कुठल्याही धंद्याला मिळणार आणि हप्ते वेळेवर भरले तर व्याजातला काही भाग परत. १९८६ मध्ये 'सिम्पेदेस' हे बचत खातं. आधीच्या सरकारी योजनेत महिन्यातून दोनदाच पैसे काढता यायचे. इथे वाटेल तेव्हा काढा, वर बक्षिसांची सोडत. खेड्यातला माणूस काय बचत करणार, असं मोठे साहेब म्हणायचे. काही वर्षांतच या शाखांतल्या ठेवी कर्जांच्या पुढे गेल्या!

मग १९९७-९८ चं संकट आलं. डॉलरला साधारण २,४०० रुपिया पडायचे, ते १६,००० च्या वर गेले. बड्या बँका आडव्या झाल्या, खुद्द बीआरआयची मोठ्या उद्योगांना दिलेली कर्जं बुडाली. खेड्यातल्या शाखांत मात्र ठेवी वाढल्या आणि हप्ते येत राहिले. लोकांचा विश्वास बसला तो तेव्हा, ॲपच्या कितीतरी आधी.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वारुंग होतं, म्हणजे किराणा दुकान. नूडल्सची पाकिटं, हिरवे गॅस सिलिंडर आणि त्यांच्या मधोमध कार्डाचं मशीन, कारण दुकानवाल्या बू (आपल्या काकू) बँकेच्या एजंट. शेजारपाजारच्या बायका रोख आणून देत, बू ते जकार्तातल्या मुलाच्या खात्यात टाकत, काही हजार रुपिया कमिशन घेत. एकदा पावतीचा रोल संपला. एक आजी कागद हातात पडेपर्यंत दुकानातून हलेनात. शेवटी बूंनी वहीचं पान फाडून रक्कम लिहिली, सही केली, तेव्हा आजी निघाल्या.

१७ ऑगस्ट २०१९ ला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, क्यूआरआयएस (उच्चार 'क्रिस') आलं: सगळ्या बँकांना आणि वॉलेटना एकच क्यूआर. आपल्या यूपीआयवाल्यांना त्यात नवल नाही.

वाढीची वाईट बाजू म्हणजे 'पिन्जोल', मोबाइलवरचं झटपट कर्ज. २०२१ पर्यंत नोंदणीकृत कंपन्यांच्या संघटनेनं ठरवलेली व्याजाची कमाल मर्यादाच दिवसाला ०.८ टक्के होती, म्हणजे वर्षाला २९२! बेकायदा ॲप तर कुठलीच मर्यादा पाळत नाहीत. माझ्या ओळखीच्या एका ओजेकवाल्यानं (दुचाकी टॅक्सी) अशाच एका ॲपवरून कर्ज घेतलं. हप्ता चुकताच त्याच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर धमक्या सुरू झाल्या. मला, परदेशी माणसाला, रात्री अकरा वाजता मेसेज: तुमचा मित्र चोर आहे.

त्याची सुटका झाली ती बायकोच्या 'आरिसान'मधून. आरिसान म्हणजे आपली भिशीच. नावांच्या चिठ्ठ्या गुंडाळून स्ट्रॉच्या तुकड्यांत घालायच्या, झाकणाला भोक असलेल्या बरणीत टाकून हलवायच्या, जी बाहेर पडेल तिचा नंबर. त्या महिन्यात बायकांनी बरणी हलवलीच नाही. पैसे सरळ तिच्या हातात दिले.