थोरियमचं विरजण

सोलापूर,
गड्डा यात्रेच्या आधीचा रविवार

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा तू दारातूनच म्हणालीस, "सर, एम.एस्सी. झाली की थोरियममध्येच जाणार, त्याच्यापासून अणुवीज करायच्या कामात," आणि मी चहा गाळता गाळता नुसतं "बरं" म्हटलं. तुझा चेहरा उतरलेला दिसला. त्या "बरं"मागे काय होतं ते लिहितोय, कारण बोलायला बसलो की मी अजूनही तास घेतल्यासारखा वाहवत जातो.

आधी माझी चूक. 1984 साली मुंबईतल्या तुर्भ्याला (ट्रॉम्बेला) पूर्णिमा-2 ही, थोरियमपासून बनणाऱ्या युरेनियम-233 वर चालणारी, छोटी प्रायोगिक अणुभट्टी सुरू झाली. मी तेव्हा नवा मास्तर. बातमी वाचली आणि विज्ञान प्रदर्शनात ठोकून दिलं की 2000 साली सोलापूरचे माग थोरियमच्या विजेवर चालतील. पूर्व भागातले एक पालक उठले. कामावरून थेट आले होते, सदऱ्यावर सुताची पिंजण तशीच. म्हणाले, "मास्तर, तवर काय करायचं?" सगळे हसले, मीही हसलो. उत्तर काही दिलं नाही. 2000 साल येऊन गेलं, आणि ते गृहस्थ मला बरीच वर्षं मंगळवार बाजारात भेटत राहिले. त्यांनी कधी विषय काढला नाही, हे त्यांचे उपकार.

थोरियमचं चिमूटभर इंधन टनांनी कोळशाचं काम करतं, असं सांगणाऱ्या तुझ्या त्या व्हिडिओतला आकडा खोटा नाही. एक ग्रॅम युरेनियम-233 चं पूर्ण विखंडन झालं, म्हणजे सगळे अणू फुटले, तर जवळपास एक मेगावॉट-दिवस उष्णता मिळते, म्हणजे आपल्या देशी कोळशाचे साधारण 5 टन. आपल्याकडचा औष्णिक प्रकल्प 1,320 मेगावॉटचा. तो पूर्ण ताकदीने चालला तर दिवसाला चार-पाच मालगाड्या कोळसा लागेल. तेवढ्याच विजेला अणुइंधन जळेल 4 किलोच्या आसपास. भाजीच्या पिशवीत मावेल एवढं. हा हिशेब मीही फळ्यावर मांडायचो आणि वर्ग गप्प व्हायचा.

पण माझ्या या हिशेबात "थोरियम" नाही, "युरेनियम-233" आहे. व्हिडिओवाले नेमकं तिथेच उडी मारतात.

थोरियम म्हणजे दूध समज. नुसतं ठेवलं तर त्याचं दही होत नाही, विरजण लागतं. थोरियम-232 ने एक न्यूट्रॉन गिळला की तो 233 होतो, काही मिनिटांतच प्रोटॅक्टिनियम बनतो, आणि त्याचं युरेनियम-233 व्हायचं तर प्रोटॅक्टिनियमचं अर्धायुष्य 27 दिवसांचं. मधल्या काळात त्यानेच आणखी एक न्यूट्रॉन खाल्ला तर दही बिघडलं. म्हणून कुणी थोरियमच्या गोष्टी सांगू लागला की एकच विचारायचं: पहिला न्यूट्रॉन कुठून आणणार?

होमी भाभांनी 1954 मध्ये मांडलेल्या तीन टप्प्यांचं इंगित हेच. आपल्याकडे युरेनियम बेताचं आणि केरळ, तमिळनाडू, ओडिशा, आंध्रच्या किनाऱ्यावर मोनाझाईटची वाळू भरपूर. त्या मोनाझाईटमध्ये थोरियम ऑक्साईड 8 ते 10 टक्के. आधी साधं युरेनियम जड पाण्याच्या भट्ट्यांत जाळायचं आणि त्यातून निघणारं प्लुटोनियम साठवायचं. मग त्या प्लुटोनियमवर वेगवान प्रजनक भट्ट्या चालवून विरजण वाढवायचं. दूध ओतायचं ते त्यानंतर. थोरियम लवकर घुसवलं तर विरजणाची वाढच मंदावते. आता दुसऱ्या टप्प्याची चाल बघ. तमिळनाडूतल्या कल्पाक्कमची 500 मेगावॉटची प्रजनक भट्टी बांधायला घेतली 2004 मध्ये, आणि तिच्यात गाभा भरायला सुरुवात झाली मार्च 2024 मध्ये. तू तेव्हा बारावीला होतीस. बांधकाम सुरू झालं तेव्हा तुझा जन्मही नव्हता.

तिथेच 1996 पासून 'कामिनी' आहे, युरेनियम-233 वर चालणारी छोटी भट्टी. क्षमता 30 किलोवॉट. आपल्या गल्लीतले दहा-पंधरा गिझर एकदम लावले तर तेवढंच होईल. मला मात्र ती फार आवडते. तिच्यासाठी थोरियमपासून इंधन काढण्यापर्यंतचा सगळा उद्योग आपल्या माणसांनी हाताने केलेला आहे.

आता तुझ्या विषयाकडे येतो. तू रसायनवाली, आणि भौतिकशास्त्र कच्चं म्हणून रडत होतीस. वेडे, या धंद्यात अडलेली बरीच गाठ तुझ्याच बाजूला आहे.

माझे वडील गड्ड्याला आणि लग्नांना पेट्रोमॅक्सच्या बत्त्या भाड्याने द्यायचे. होम मैदानावर खेळण्यांच्या दुकानांत बत्ती टांगायच्या आधी ते मेंटल बांधायचे: पांढरी, मऊ, सुती जाळीची पिशवी. काडी लावली की सूत जळून जायचं आणि राखेचा फुगा उरायचा. मग पंप मारायचा, फुस्स आवाज, आणि तो फुगा पांढराशुभ्र पेटायचा. मी एकदा थंड बत्तीच्या मेंटलला बोट लावलं, पीठ होऊन खाली पडलं. पाठीत धपाटा बसला. ती राख म्हणजे 99 टक्के थोरियम ऑक्साईड आणि चिमूटभर सिरियम. सूत थोरियम नायट्रेटमध्ये बुडवून काढलेलं असायचं. या विणकरांच्या गावात लहानपणीच थोरियमला हात लावलाय मी, पण कळलं ते कॉलेजात.

हा ऑक्साईड 3,300 अंशांच्या आसपास वितळतो आणि रसायनांना सहसा दाद देत नाही. बत्तीला हा गुण, भट्टीतल्या इंधनालाही गुण. पण वापरलेल्या इंधनातून युरेनियम-233 काढायचं तर ते आधी विरघळवावं लागतं, आणि नुसत्या नायट्रिक आम्लात ते विरघळता विरघळत नाही. थोडं हायड्रोफ्लुओरिक आम्ल घालावं लागतं. ते स्टीलची भांडी खातं, म्हणून ॲल्युमिनियम नायट्रेट घालून त्याला आवर घालायचा. त्यात युरेनियम-232 ची भेसळ. तिच्या साखळीत शेवटाकडे थॅलियम-208 येतो आणि 2.6 मेगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे गॅमा किरण सोडतो. त्यामुळे जाड भिंतीआड उभं राहून, काचेतून बघत, यांत्रिक हातांनी काम. सुईत दोरा ओवायचा तोही चिमट्याने, अशी कल्पना कर.

कचरा होत नाही असंही कुणी सांगेल. प्लुटोनियमच्या जातीचा दीर्घायुषी कचरा कमी होतो, हे खरं. पण विखंडनातून सिझियम-137 आणि स्ट्रॉन्शियम-90 येणारच. त्याची काळजी घेण्याचं कामही तुझ्यासारख्यांचंच.

तेव्हा पुढच्या दोन वर्षांत "थोरियम" हा शब्द जरा कमी काढ. निष्कर्षण (द्रावणातून हवं ते वेगळं काढणं), आम्लात धातू कसे गंजतात, किरणोत्साराचं रसायन, याला भीड. प्रयोगशाळेत टायट्रेशनचा शेवटचा थेंब चुकला की वहीत आकडा "जुळवून" लिहिण्याची सवय आजच सोड. मी तुझी वही पाहिलीय. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षण शाळेची परीक्षा दे. ती शाळा 1957 पासून माणसं घडवतेय. तिथे तुला थोरियम मिळेलच असं नाही. प्लुटोनियम मिळालं, प्रजनक भट्टी थंड ठेवणारं सोडियम मिळालं, किरणोत्सारी कचरा काचेत गोठवायला बसवलं, तरी नाक मुरडू नकोस. विरजण सांभाळणाराही दह्याच्याच कामाचा. आई कल्पाक्कम लांब म्हणत असेल तर तिला माझ्याकडे पाठव. ती माझीच विद्यार्थिनी, तिला कसं समजवायचं ते मला माहीत आहे.

आणि मागावरच्या त्या गृहस्थांचा प्रश्न विसरू नकोस. तोवर सोलापूरचं ऊन आहे, पवनचक्क्या आहेत, कोळसाही आहेच. कुणी तुला विचारलं तर तू हसू नकोस, एवढंच.

माळ्यावर वडिलांची एक बत्ती सापडली आहे, जुन्या मेंटलच्या दोन पाकिटांसकट. गड्ड्यात भेटशील तेव्हा घेऊन जा. तुमच्या विभागात किरणोत्सार मोजणारा गायगर काउंटर असेल तर लावून बघ, टिकटिक ऐकू येईल. पाकीट मात्र घरात उघडू नकोस, आणि पेटवलेल्या मेंटलची धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नकोस.

तुझा,
सर