ऑलिव्ह ऑइल रात्री चेहऱ्याला लावून झोपलं तर चालेल का? तेलकट आणि कोरड्या त्वचेसाठी उत्तर वेगळं आहे का?

तुमची त्वचा तेलकट, अधूनमधून पिंपल्स येणारी. बहिणीची कोरडी, सालपटं निघणारी. तेल दोघींपैकी कुणी लावावं, असं तुम्ही विचारलंय. लावून झोपायचं असेल तर माझ्या मते दोघींनीही नको. तुमच्याबाबतीत हे लगेच पटेल, पण बहिणीला का नको ते जरा सविस्तर सांगते, कारण कोरड्या त्वचेला तेल चांगलंच असं आपण धरूनच चालतो.

ऑलिव्ह ऑइलमध्ये साधारण 55 ते 83 टक्के ओलेइक आम्ल असतं, लिनोलेइक आम्ल त्या मानाने बरंच कमी. ही दोन्ही मेदाम्लं, म्हणजे तेल ज्यांपासून बनतं ते घटक. त्वचेच्या सगळ्यात वरच्या थरात पेशींच्या मधे मेदाचे पापुद्रे घट्ट रचलेले असतात, आतलं पाणी तेच धरून ठेवतात. ओलेइक आम्ल ही रचना विस्कटतं. त्वचेतून औषध आत शिरावं म्हणून काही मलमांमध्ये ते मुद्दाम घालतात, तेही याच गुणामुळे. 2013 मध्ये शेफील्ड विद्यापीठातल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 19 मोठ्या माणसांच्या हातावर ऑलिव्ह ऑइलचे सहा थेंब दिवसातून दोनदा, चार-पाच आठवडे लावले. तिथला वरचा थर कमकुवत झाला, थोडी लालीही आली. सूर्यफुलाच्या तेलाने मात्र थर शाबूत राहिला आणि ओलावा वाढला. अभ्यास छोटा आहे, पण आम्लाचा गुणधर्म पाहता मला तो पटतो. तेल लावल्यावर चेहरा मऊ लागतो तो वर बसलेल्या थरामुळे. आत काय चाललंय ते लगेच कळत नाही. बहिणीला एक्झिमा असेल तर हे तेल अजिबात नको, आणि तान्ह्या बाळाच्या मालिशलाही मी ते सुचवणार नाही.

आता तुमचं. कपाळावर बारीक, खाजणाऱ्या पुळ्या किंवा भुवयांत कोंडा असेल तर त्यामागे मॅलॅसेझिया नावाची बुरशी असू शकते. तिला स्वतःची मेदाम्लं बनवता येत नाहीत, ती बाहेरूनच घेते. प्रयोगशाळेत तिला वाढवायला ऑलिव्ह ऑइलच घालतात! एवढं सांगितलं की पुरे.

घरात बाटली आहेच, तर मेकअप काढायला वापरा. चेहरा आणि हात दोन्ही कोरडे हवेत, पाणी लागलं की तेल नीट पसरत नाही. चार-पाच थेंब घेऊन मिनिटभर हलकं चोळा. वॉटरप्रूफ काजळ विरघळून काळं पसरेल, मग मऊ ओल्या कापडाने पुसा आणि लगेच सौम्य फेसवॉशने धुवा, तेल मागे राहता कामा नये. टाचांना, कोपरांना आंघोळीनंतर ओलसर असतानाच लावलं तर ठीक. उन्हापासून संरक्षण म्हणून मात्र कधीच नाही, त्यासाठी सनस्क्रीनच.

आणि तेलच हवं असेल तर स्क्वालेन बघा. ऑलिव्हमधल्या स्क्वालीनवर हायड्रोजनची प्रक्रिया करून ते बनवतात. त्यात ओलेइक आम्ल नसतं आणि ते सहजी खवट होत नाही, त्यामुळे बहुतेकदा दोन्ही प्रकारच्या त्वचेला चालतं. बहिणीने ओलसर चेहऱ्यावर दोन-तीन थेंब, तुम्ही एखादाच. आधी काही दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. खाज किंवा लाली आली तर थांबा.