वाचकांचे प्रश्न : कडबा कुट्टीत अडकलेला चारा काढताना

प्रश्न : विहिरीजवळच्या गोठ्यात आमची मोटरवर चालणारी कडबा कुट्टी आहे. पंपाप्रमाणे तिच्या स्टार्टरलाही ऑटो स्विच जोडलेला आहे. मागील आठवड्यात ओला कडबा अडकला आणि तेवढ्यात लाईन गेली, म्हणून धाकट्या भावाने चारा काढण्यासाठी आत हात घातला. त्याने हात बाहेर काढला आणि लगेच लाईन येऊन चाक फिरू लागले. मग यंत्र साफ तरी केव्हा करावे?
— एक वाचक, रिसोड तालुका, जि. वाशीम

उत्तर : लाईन गेली म्हणजे यंत्र बंद झाले, असे आपल्याकडे बहुतेक जण धरून चालतात आणि हीच समजूत सर्वांत घातक आहे. साध्या स्टार्टरमधील नो-व्होल्ट कॉइल वीज जाताच सुटते, त्यामुळे वीज परत आली तरी कोणी हिरवे बटण दाबेपर्यंत मोटर सुरू होत नाही. ऑटो स्विच नेमके हेच संरक्षण काढून घेतो, कारण तिन्ही फेज आल्यावर थोड्याच वेळात तो माणसाच्या ऐवजी स्वतःच मोटर सुरू करतो. रात्रीच्या पाळीत अंधारातून, साप-विंचवाच्या वाटेने विहिरीवर जावे लागू नये म्हणून पंपाला तो लावणे समजण्यासारखे आहे. पात्याच्या यंत्राला मात्र तो मुळीच नको. जाणकार वायरमनकडून तो आजच काढून घ्यावा आणि कुट्टीचा स्टार्टर व मेन स्विच पंपापासून वेगळे करावेत.

चारा अडकल्यास, यंत्राला उलट फिरवण्याचा दांडा असेल तर, आत हात न घालता प्रथम त्याने चारा मागे घ्यावा. तेवढ्याने काम झाले नाही तर लाईन असो वा नसो, लाल बटण दाबून मेन स्विच खाली ओढावा, तिन्ही किटकॅट (फ्यूज) काढून ज्याचा हात आत जाणार आहे त्याच्याच खिशात ठेवावेत आणि मग हिरवे बटण दाबून मोटर खरोखर सुरू होत नाही ना, हे पाहावे. चाक पूर्ण थांबले तरी एवढ्यावर हात घालू नये. कडब्याचा ताण सुटताच ते जड चाक वजनाने अर्धा फेरा फिरू शकते आणि बोट तुटायला तेवढे पुरेसे असते. म्हणून चाकाचा आरा आणि यंत्राचा सांगाडा यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा घट्ट बसवावा आणि चारा आकडीने ओढून काढावा. किटकॅट परत लावण्यापूर्वी ठोकळा काढावा, पट्ट्यावरची जाळी बसवावी आणि लेकरे दूर आहेत याची खात्री करावी.

प्रश्न : तुरीच्या मळणीत ट्रॅक्टर चालू ठेवूनच मळणी यंत्र साफ करतात. हे चालते का?
— एक वाचक, मूर्तिजापूर

उत्तर : नाही. पीटीओचा, म्हणजे ट्रॅक्टरच्या इंजिनाची ताकद मळणी यंत्राला देणारा, दांडा मिनिटाला साधारण ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे घेतो. त्यात पदर किंवा दुपट्टा गुंतला तर क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. पीटीओ सोडून इंजिन बंद करावे, चावी साफ करणाऱ्याने स्वतःजवळ ठेवावी आणि आतील ड्रम थांबेपर्यंत झाकण उघडू नये. यंत्र भाड्याचे असले आणि मालक घाई करीत असला, तरी चावी मागून घेण्यात संकोच करू नये.